आयांचा गणवेश

"अगं, ही काय साडी नेसून आलीस? लग्नाला आलीस का?"

मोठ्या बाई माझ्या आईला म्हणाल्या. वसतिगृहाच्या धान्याच्या खोलीत. बाहेर मांडव घातला होता. माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी दहावीत होते. सहामाहीत वसतिगृहात पहिली आले होते, म्हणून त्या वर्षी माझ्या आईला स्टेजवर बोलावलं होतं.

साडी जांभळी होती. बोईसरच्या बाजारातून घेतलेली. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत आईने ती गुडघ्यापर्यंत वर खोचली होती, काठाला धूळ लागू नये म्हणून. पालघरला उतरल्यावर सोडली, चापूनचोपून नीट केली. तिच्या आयुष्यातली ती पहिली साडी, जी तिने स्वतः दुकानात हात लावून निवडली होती.

मोठ्या बाई आमचं वसतिगृह चालवायच्या. पालघरातल्या, शिकलेल्या, चांगल्या घरच्या. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातून एक लुगडं काढलं. लाल, चौकड्यांचं, विटलेलं. सोबत एक उसवलेलं पोलकं.

"हे नेस. आणि त्या चपला इथंच ठेव. गळ्यातलं काढ."

आईने लुगडं हातात घेतलं. हसली. "ह्ये तर माजी आयस नेसायची. मला नाय येत नेसता."

"शिवणाच्या बाई नेसवतील."

शिवणाच्या बाई घाटावरच्या. त्यांनी मागच्या वर्षीचा फोटो समोर ठेवला आणि त्यात बघून माझ्या आईला आदिवासी केलं. गुडघ्याच्या वर. घट्ट. मी दाराशी उभी होते. लुगड्याला वास येत होता. घामाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि खोबरेल तेलाचा. तीन-चार बायकांचा मिळून असावा. म्हणजे दर वर्षी कुणाची तरी आई यात शिरत होती.

आईने अंग चोरत विचारलं, "बाई, ह्यो नियम हाय का?"

"हो गं. नियमच समज."

आईचा चेहरा एकदम सैल झाला. नियम असेल तर काही प्रश्नच नव्हता. बाहेर जाताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "पोरींना गणवेश, तसा आयांनापन हाय वाटतं." तिला ते आवडलंच थोडं. पोरीच्या शाळेत तिलाही गणवेश होता.

स्टेजवर मोठ्या बाई इंग्रजीत बोलल्या. समोर मुंबईहून आलेले देणगीदार होते. थंडीत यायचे, सकाळी आमच्याकडे कार्यक्रम, दुपारी जेवण आणि मग केळव्याला समुद्रावर मुक्काम. बाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. माझं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "हर फादर ड्रँक हिमसेल्फ टू डेथ."

मला कळलं, हिचा बाप दारू पिऊन पिऊन मेला. तेवढं इंग्रजी मला येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

समोरच्या सगळ्या नजरा आईकडे वळल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने चष्मा वर करून डोळे पुसले. आईला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. तिने हात जोडले. हसली. डावीकडे हसली, उजवीकडे हसली. फोटो काढणारा म्हणाला, "मावशी, हसू नका." तिने लगेच तोंड मिटलं.

रात्रीच्या गाडीला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "ती चष्म्यावाली बाय किती चांगली. माज्याकडं बगून रडली."

मी फाटक उघडून धरलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला मोठ्या बाई आल्या. कधी यायच्या नाहीत.

"कालच्या कार्यक्रमाचं लुगडं चोरीला गेलंय."

चोर कोण हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कार्यक्रमानंतरच्या गडबडीत आईने जांभळी साडी पुन्हा नेसली आणि लुगडं पिशवीत घालून घरी नेलं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला त्यात काही वाटलंच नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्याचं कापड अंगाला लावलं तर ते धुऊन परत करायचं. आपल्या अंगाचं त्यांच्या घरात न्यायचं नाही. पाड्यावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. वसतिगृहातल्या शंभर पोरींपैकी निम्म्या पोरी जाणत होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, "बाई, तिने धुवायला नेलं असेल."

"विचारलं का तिने?"

"नाही."

"मग त्याला काय म्हणतात?"

पोरी वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणतात? पहिली आलीयेस ना तू?"

मी म्हटलं, "चोरी."

लुगडं येईपर्यंत मी जेवणाच्या वेळी उभी राहायचं असं ठरलं. ताट हातात, पंगतीच्या टोकाला. सगळ्यांचं झालं की मग मी बसायचं. माझी धाकटी बहीण मंगल त्याच वर्षी वसतिगृहात आली होती. सात वर्षांची. ती समोर बसून जेवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिला लाज वाटत होती. तिच्या बाजूला बसलेल्या पोरी तिला हळूच म्हणायच्या, "तुजी आय चोट्टी."

आई दोन दिवसांनी आली. मिरचीच्या वाडीतली मजुरी सोडून आली होती. लुगडं ओढ्यावर धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, हाताने दाबून दाबून घडी केलेलं. उसवलेलं पोलकंही तिने टाके घालून शिवून आणलं होतं. वर वालाच्या शेंगा. "बाईंना," म्हणाली.

मोठ्या बाईंनी लुगडं झटकून उजेडात धरलं. आणि त्या हसल्या. खरोखर हसल्या, पोट धरून. शिवणाच्या बाईंना हाक मारली.

"बघा हो, हिने पार नवं करून आणलं! आता पुढच्या वर्षी कोण म्हणेल हे गरिबाचं?"

आईही हसली. तिला वाटलं, शाबासकी आहे.

शेंगा स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री भाजीला होत्या. मला बसून जेवायला मिळालं.

*

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील, पोरगी कृतघ्न आहे.

मी कृतघ्न नाही. त्या वसतिगृहात मला दोन वेळचा भात मिळाला. ट्यूबलाइट मिळाली. बीजगणित शिकवणारे एक सर मिळाले, ते एकच गोष्ट पाच वेळा सांगायचे आणि पाचव्यांदाही चिडायचे नाहीत. आमच्या पाड्यावरून कुणी मुलगी बारावीच्या पुढे गेली नव्हती. मी बी.एस्सी. झाले. रसायनशास्त्र. हे त्या वसतिगृहाशिवाय झालं नसतं. हे मी कुणालाही सांगेन.

पण माझा बाप दारू पिऊन मेला नाही.

बा ताडी प्यायचा. आमच्याकडे सगळेच पितात, हंगामात, सणाला. ताडीने कुणी मरत नाही. पावसाळा संपला की तो गवतकापणीला जायचा. मी चौथीत होते, मंगल रांगत होती. गवताचा भारा बांधताना त्याला घोणस चावली. पोटरीला. माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला रस्त्यापर्यंत आणलं. आई पुढचं टोक धरून होती. बाईमाणसाने खांदा दिला असं नंतर लोक बोलले, पण तेव्हा माणसंच कमी होती. रस्त्याला जीप मिळेपर्यंत त्याचा पाय काळा पडला होता. वाणगावच्या अलीकडे तो गेला. शेवटी आईला म्हणाला होता, "पोरींना पुढं बस म्हन, मागं धूळ लागंल." जीपमध्ये आम्ही पोरी नव्हतोच. त्याला तसं दिसत होतं.

असा माणूस. त्या वर्षानंतर बाई आमची गोष्ट प्रत्येक कार्यक्रमात सांगायच्या; त्याच्या मरणाला दर वर्षी थंडीत मांडवात दारू पाजत होते.

*

मी बोईसरला एका औषधाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून लागले. कंत्राटावर. कंपनी म्हणजे काही स्वर्ग नाही. वाऱ्याची दिशा बदलली की डोळे चुरचुरतात. कॅन्टीनमध्ये कोण कोणाजवळ बसतो हे ठरलेलं आहे. लॅबमधला एक शर्मा नावाचा मुलगा मला पहिल्या महिन्यात म्हणाला होता, "आप लोगों का तो कोटा होता है ना?" मी म्हटलं, "कंत्राटाला कोटा नसतो. तुझं रीडिंग चुकलंय, परत घे." तो हसला. परत घेतलं. आता आम्ही डबा एकत्र खातो.

मला तिथे काय आवडलं ते सांगते. तिथे मला कुणी माझी गोष्ट विचारत नाही. सॅम्पल आलं की सॅम्पलचा पीएच विचारतात. आर्द्रता किती आली विचारतात. तुझा बाप कसा मेला, तुझ्या आईने काय खाल्लं, हे सांगितल्याशिवाय पगार देत नाही असं कुणी म्हणत नाही. काम घेतात, पैसे देतात. पहिल्या महिन्याचा पगार घेऊन गेटबाहेर आले तेव्हा मला फार वेगळं वाटलं. हलकं. थोड्या वेळाने लक्षात आलं, आज मला कुणाच्या पाया पडायचं नाहीये.

स्वातंत्र्यावर मी शाळेत चार निबंध लिहिलेत. चारही वेळा बक्षीस मिळालं. एकातही हे नव्हतं.

*

मंगल बारावी सायन्सला होती, त्याच वसतिगृहात, त्याच संस्थेच्या कॉलेजात. तिला नर्स व्हायचं होतं. संस्था दर वर्षी दोन मुली नर्सिंगला पाठवायची, सगळा खर्च संस्थेचा. या वर्षी एक जागा मंगलची, असं मोठ्या बाईंनी तिला दिवाळीतच सांगितलं होतं. तिने पाड्यावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आजारी म्हातारी माणसं तिच्याकडे आत्ताच पाय दाखवायला येत होती.

कार्यक्रम जवळ आला तसा मोठ्या बाईंचा मला फोन आला.

"या वर्षी तू बोलायचंस. विषय आहे, मला मिळालेलं स्वातंत्र्य. आईला आण. मंगलही स्टेजवर. तिघी मायलेकी. फार छान दिसेल."

मी रविवारी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "बाई, मी बोलते. आनंदाने बोलते. एक वाक्य तेवढं नको. बा दारूने गेला नाही. त्याला घोणस चावली."

त्या चहा ओतत होत्या. कप माझ्यापुढे सरकवला.

"मला माहितीये गं."

मला वाटलं होतं, त्यांची चूक झाली असेल. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते.

"माहितीये?"

"तुझ्या प्रवेशाच्या वेळी तुझ्या मामाने सांगितलं होतं. पण कसं असतं बघ, सापाचं सांगितलं की लोक चुकचुकतात आणि विसरतात. साप काय, कुणालाही चावेल. दारू म्हटलं की त्यांना वाटतं, या पोरींना वाचवलं पाहिजे. त्यांना दारू समजते, साप समजत नाही. तुझ्या एकटीसाठी नाही करत मी हे. शंभर पोरी जेवतात इथे."

"पण तो माझा बाप आहे."

"होता," बाई म्हणाल्या. "आणि मंगलची जागा आहे. दोन्हीचा विचार कर. चहा घे, गार होतोय."

मी चहा प्यायले. तिथे बसून प्यायले.

*

आईला मी सगळं सांगितलं. तो 'ड्रँक' हा इंग्रजी शब्दसुद्धा. ती चुलीपुढे बसली होती. इतक्या वर्षांपूर्वी आपण कशाला हसत होतो, हे तिला त्या दिवशी कळलं. बराच वेळ ती लाकूड आत-बाहेर करत राहिली.

"आनि मी हात जोडले," ती म्हणाली.

"तुला कळत नव्हतं."

"माज्या नवऱ्याला दारुडा बोलली आनि मी हात जोडले."

मग तिने डोळे पुसले, धुराने चुरचुरल्यासारखे. म्हणाली, "मंगी नर्स होऊ दे. मेलेल्याला काय बोललं तरी लागत नाय. माजं काय झिजतं एक दिस लुगडं नेसलं तर? तू बोल काय बोलायचं ते. आपली पोर पार पडू दे."

म्हणून मी तयार झाले. हे लिहिताना मला कुठलाही मोठेपणा घ्यायचा नाही. मी ते वाक्य पाठ केलं होतं.

*

कार्यक्रमाच्या दिवशी आईला धान्याच्या खोलीत नेलं. तेच लुगडं नव्हतं. संस्थेने नवीन विकत घेतलं होतं आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं होतं. शिवणाच्या बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांना फोटो लागला नाही. आईने कुणाला काही विचारलं नाही. स्वतःच चपला काढल्या, स्वतःच गळ्यातलं काढून माझ्या हातात दिलं.

स्टेजवर ऐन वेळी मोठ्या बाईंनी क्रम बदलला. माईक माझ्याआधी मंगलला दिला. "आधी धाकटी," म्हणाल्या. "तिचं इंग्रजी जास्त गोड आहे."

मंगल पुढे झाली. दोन वेण्या, पांढरी ओढणी. घाबरली नव्हती. तिने समोर बघून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आमचा पाडा, आमचं अज्ञान, आमची भूक. मग म्हणाली, माझे वडील दारू पिऊन मेले. त्यांनी माझ्या आईला रस्त्यावर टाकलं. मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

शेवटचं वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तिचा आवाज तिथे फाटला. डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी.

मंगल नाटक करत नव्हती. तिला ते खरं वाटत होतं. बा गेला तेव्हा ती रांगत होती. आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल फार बोलत नाहीत. आई कामाला, मी कॉलेजला. तिने बापाचं मरण दर वर्षी मांडवात बसून ऐकलं होतं, मोठ्या बाईंच्या तोंडून. दुसऱ्या कुणी तिला काही सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, आई सांगेल. आईला वाटायचं, मोठीने सांगितलं असेल. आणि मधल्या मध्ये एका पोरीने आपल्या बापाचा द्वेष करायला शिकून घेतलं होतं, चांगल्या इंग्रजीत.

टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी माईक माझ्या हातात दिला.

आई मंगलच्या तोंडाकडे बघत होती. भाषा कळत नव्हती तिला. पण तो शब्द आता तिला माहीत होता. तो तिने मंगलच्या तोंडून ऐकला होता.

मी पाठ केलेलं बोलले नाही. मी इंग्रजीतच बोलले, मुद्दाम, सगळ्यांना कळावं म्हणून. माझं इंग्रजी मंगलएवढं गोड नाही. मी म्हटलं, माझे वडील दारूने मेले नाहीत. ते गवत कापत होते. त्यांना साप चावला. माझ्या आईने त्यांना खांद्यावर रस्त्यापर्यंत आणलं. मोठ्या बाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझी आई हे लुगडं नेसत नाही. हे यांनी विकत आणून चहात बुडवलंय. मला इथे जेवण मिळालं, शिक्षण मिळालं, त्याबद्दल मी आभारी आहे. पण मला माझा बाप परत हवा आहे.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणी उठेल, कुणी बाईंना विचारेल.

आणि टाळ्या पडल्या.

आधीपेक्षा जास्त. पहिल्या रांगेतला एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याच्या बाजूची बाई फोनवर माझं चित्रण करत होती. "सो कॉन्फिडंट!" ती म्हणाली. मोठ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माईक काढून घेतला आणि हसून म्हणाल्या, "बघा, हा आवाज आम्ही यांना दिला." परत टाळ्या.

माझं खरंसुद्धा त्यांनी खाऊन टाकलं. जेवणाआधीचं काहीतरी चटपटीत असावं तसं. मग ते जेवायला गेले.

*

धान्याच्या खोलीत बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"समाधान झालं?"

मी म्हटलं, "खरं बोलले."

"खरं तुझ्या खोलीवर बोल. तुम्हा लोकांना वर काढायला जावं तर तुम्ही आमचेच हात चावता. साप चावला म्हणे." मग त्या मंगलकडे वळल्या. "तुझं सामान आज संध्याकाळी ने. नर्सिंगचं नाव मी सकाळी बदलून टाकते. परीक्षा बाहेरून येऊन दे, तेवढं काय मी अडवत नाही. मी वाईट नाहीये."

आई लुगडं सोडत होती. सोडून झाल्यावर तिने ते घडी घातलं नाही. तसंच जमिनीवर राहू दिलं आणि त्याच्यावरून चालत बाहेर आली.

संध्याकाळी आई आणि मंगल माझ्याबरोबर बोईसरला आल्या. मंगलने ट्रंक माझ्या खोलीत ठेवली. मी तीन मुलींबरोबर भाड्याने राहत होते, त्या दोन दिवसांसाठी दुसरीकडे गेल्या होत्या. ट्रंक ठेवल्यावर ती फिरली.

"तुला नोकरी हाय. माजं काय?"

मी म्हटलं, "मंगी, बा सापाने गेला."

"मला आता सांगते? स्टेजवर? त्या लोकांच्यासमोर?" ती ओरडली. "मला घरी सांगायचं होतंस. चुलीपाशी सांगायचं होतंस. तूपन मला स्टेजवरच सांगितलंस, ताई. त्यांच्यासारखंच."

तिचं खरं होतं.

त्या रात्री आईने तिला बाबद्दल सांगितलं. कसा हसायचा, कसा शिंकायचा, ताडी चढली की पाड्यावरच्या कुत्र्यांना नावं ठेवायचा. मंगल भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. ऐकत होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. मध्येच तिने विचारलं, "तो मला उचलायचा का?" आई म्हणाली, "खाली कवा ठेवलं तुला त्यानी?"

*

परीक्षेच्या आधी मोठ्या बाईंचा पुन्हा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकला. मंगल स्टोव्हजवळ बसून जीवशास्त्र वाचत होती. आता आम्ही दोघी मागच्या गल्लीतल्या एका खोलीत राहतो. खिडकी नाही. शेजारच्या भाभी तिला रोज विचारतात, "पढ़ाई हो गई, बेटा?" आणि ती रोज म्हणते, "हो रही है."

बाईंचा आवाज गोड होता. "मंगलच्या जागी घेतलेल्या मुलीचं काही जमलं नाही. जागा रिकामी आहे. तू फक्त एक छोटासा व्हिडिओ कर. भावनेच्या भरात बोलले, गैरसमज झाला, असं. देणगीदारांपैकी काहींनी विचारलंय मला. मंगलची जागा मी परत देते. आता तूच बघ."

मी मंगलकडे बघितलं. "जागा हाय म्हणतात. तू सांग."

"तू व्हिडिओ करशील?"

"नाय. तुला स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलायचं असेल तर जा. मी अडवणार नाय. पण मी नाय करणार."

"मग मला कशाला इचारते?" ती म्हणाली, आणि पुस्तकात मान घातली.

मी फोनवर म्हटलं, "नाही, बाई."

"कृतघ्न आहात तुम्ही लोक," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मला जेवायला घातलंत, त्याचे आभार मी मानले आहेत. आता ते जेवण तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, आणि आभार पुन्हा मागूही शकत नाही."

फोन त्यांनी ठेवला.

मंगलची जागा माझ्यामुळे गेली. हे मी कुणाच्याही अंगावर ढकलत नाही. मोठ्या बाईंनी घेतली, पण त्या घेणार हे मला माहीत होतं आणि तरी मी बोलले. तेव्हा तिला नर्स करणं हे आता माझं काम. या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी. सरकारी जागेसाठी बसेल, नाही लागली तर परत बसेल. मी रात्रपाळी मागून घेतली आहे. आई मिरचीच्या हंगामानंतर इथेच येणार आहे, डबे करायला.

मंगल माझ्याशी अजून नीट बोलत नाही. मीठ हवं असलं तर मीठ म्हणते. माफ करेल की नाही, माहीत नाही. मी तिला तसं विचारणार नाही. तिच्यासाठी काय काय करते आहे, हेही मी तिला मोजून दाखवणार नाही, रागात नाही, लाडात नाही, म्हातारपणीही नाही. देणाऱ्याने तोंड उघडलं की घेणाऱ्याचं काय होतं, ते मी पंगतीच्या टोकाला ताट धरून शिकले आहे.

काल तिला एवढंच सांगितलं. नर्स झालीस आणि कधी कुणी तुला स्टेजवर बोलावलं, तर माझं नाव घ्यायचं नाही. तू कुणाच्या उपकाराने झालीस असं विचारलं, तर खाली उतरायचं आणि ड्यूटीवर जायचं.